कपाळावरची काच

दशरथ रावजी कोळंबकर, वय वर्षे त्रेसष्ट पूर्ण, शिक्षण मराठी चौथी व त्यापुढे स्वतःच्या बळावर जमले तेवढे, राहणार दहिसर पूर्व, हे गृहस्थ सन १९८४ च्या दसऱ्याला सकाळी पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा बांधून विहिरीत का उतरले, याविषयी आमच्या वस्तीत आजही निरनिराळी मते आहेत. त्यांतली बहुतेक मते त्यांना कमीपणा आणणारी आहेत. (खरी हकिकत त्याहून अधिक कमीपणा आणणारी आहे, पण ती निदान खरी आहे.)

प्रारंभ एका साध्या निश्चयाने झाला. दशरथरावांची धाकटी कन्या मीरा हिच्यासाठी भांडुपहून स्थळ आले होते. मुलगा बळवंत समुद्रातल्या तेलविहिरींवर पाणबुड्या होता. पाठीवर हवेचे नळकांडे बांधून तो खोल पाण्यात उतरे आणि तिथले लोखंडी खांब तपासून वर येई. मीरा मरोळच्या एका कारखान्यात टेलिफोनवर बसत असे. दोघांनी एकमेकांना पाहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून मीरा कामावर जाताना गजरा माळू लागली. घरातल्यांना तेवढे पुरेसे होते.

अडचण होती ती दशरथरावांची. गिरणीच्या विणखात्यात सारी हयात काढलेल्या या गृहस्थांनी पाळी संपल्यावर वाचनालयात बसून जे मिळेल ते वाचले होते, आणि त्या वाचनाचा त्यांना सार्थ अभिमान होता. मालवणी बोली तर त्यांनी केव्हाच टाकून दिली होती. जिच्यावर ग्रंथभाषा स्थिरावली त्या जिभेने पुन्हा 'खंय' आणि 'थंय' म्हणावे, हे त्यांना कोरा सदरा घालून चिखलात बसण्यासारखे वाटे. त्यामुळे पहिल्या भेटीत बळवंतची आई सरूबाई उंबऱ्याशी येताच ते हात जोडून म्हणाले, "आपल्या आगमनाने आमचे निवासस्थान कृतार्थ झाले. आसनस्थ व्हावे."

सरूबाईंनी मुलाकडे पाहिले. बसायला सांगितले आहे की उठून जायला, हे त्यांना कळेना.

पुढे दशरथरावांनी बळवंतला विचारले, "जलाच्या तळाशी आपणांस मत्स्य दंश करीत नाहीत काय?"

बळवंत हसला. "नाही हो काका. त्यांना आपल्यात काही इंटरेस्ट नसतो."

ते हसू दशरथरावांना लागले. पाहुणे "दसऱ्याला संध्याकाळी येतो, तेव्हा काय ते सांगतो" असे म्हणून गेले, आणि इकडे यांनी निश्चय केला, की पुढच्या भेटीत नवशिक्याचा प्रश्न म्हणून विचारायचा नाही. जे बोलायचे ते पाणबुड्याने पाणबुड्याशी.

वाचनालयात पाण्याखालच्या पोहण्याविषयी एक इंग्रजी पुस्तक निघाले. शब्दकोश मांडीवर घेऊन ते त्यांनी सर केले. त्यात एक प्रकरण होते: नवशिका कसा ओळखावा. नवशिक्याची साधने नवीकोरी चकचकीत असतात. तो पायात रबरी पंख चढवून पुढे चालतो आणि तोंडघशी पडतो. जाणता मागे मागे चालतो. नवशिका पोटरीला भलामोठा सुरा बांधतो. आणि सर्वांत मोठी खूण म्हणजे पाण्यात असताना डोळ्यांवरची काच कपाळावर सरकवणे. काच कपाळावर आणि हात वर, याचा अर्थ जाणत्यांमध्ये एकच: हा मनुष्य संकटात आहे.

"असे मजकडून कदापि घडणार नाही," दशरथराव स्वतःशीच म्हणाले.

साधने मेहुण्याने आणली. पत्नी रुक्मिणीबाई यांचा भाऊ दादू गोदीत कामाला होता. त्याने कुठूनशी रबरी चौकटीची काच, श्वासाची नळी आणि पायांचे पंख पैदा केले.

"भावोजी, हे सगळं तो पोरगा करतो ना? मग तुम्ही कशाला? सासऱ्याने मुलाखत घ्यायची, मुलाबरोबर बुडायचं नाही."

"मी बुडणार नसून निमज्जन करणार आहे."

"तेच ते. वर येताना फरक कळतो."

साधने नवी होती, म्हणून दशरथरावांनी ती चुलीच्या राखेने आणि काथ्याने घासायला घेतली. रुक्मिणीबाई पाहत उभ्या राहिल्या.

"अहो, त्या रबराला राख कशाला फासताय?"

"नवेपणा जावा म्हणून. जुन्या साधनांवरून मनुष्य अनुभवी दिसतो."

"असं होय? मग मी लग्नातली भांडी इतकी वर्षं उगाच घासून ठेवली. नाहीतर एव्हाना मीपण अनुभवी दिसले असते."

मग चाळीच्या गॅलरीत मागे मागे चालण्याचा सराव सुरू झाला. तिसऱ्या खोलीतल्या पुतळाबाई दारात पापडाचे पीठ मळत होत्या. दशरथराव पाठमोरे आले, उंबऱ्याला पंख अडकला आणि ते परातीत अलगद बसले. "क्षमस्व," एवढे म्हणून ते उठले आणि नियमाप्रमाणे पाठमोरेच आणखी आत गेले. ("वैनी, तुमचे हे आज पिठासकट माझ्या देवघरात आलेत," असा पुतळाबाईंचा निरोप रुक्मिणीबाईंना मिळाला.)

सुऱ्याऐवजी त्यांनी पोटरीला अडकित्ता बांधायचे ठरवले. आकाराने बेताचा, आणि अडीअडचणीला सुपारीही कातरता येते.

हवेचे नळकांडे मात्र मिळण्यासारखे नव्हते. तेव्हा पाठीला ओझ्याची सवय व्हावी म्हणून गोडेतेलाचा रिकामा डबा झाकणाला डाख देऊन घट्ट बंद केला आणि त्याला पट्टे लावले. हवा भरलेला डबा पाण्यावर तरंगतो, ही गोष्ट बहुधा चौथीच्या पुस्तकात असावी. परंतु दशरथराव केव्हाच त्यापुढची पुस्तके वाचू लागले होते.

आता उरला एकच नियम, आणि तिथे मात्र ते अडले. पाण्यात उतरण्यापूर्वी काचेत आतून थुंकावे व बोटाने चोळावे, म्हणजे तिच्यावर वाफ धरत नाही, असे पुस्तक सांगत होते. दशरथरावांनी शब्दकोश बदलून पाहिला. दुसऱ्या शब्दकोशातही ती थुंकीच निघाली. म्हणून तो नियम त्यांनी दसऱ्यावर ढकलला.

पण त्याआधी खंडेनवमी आली. गिरणीत असताना दर खंडेनवमीला त्यांनी आपल्या मागाला हळदकुंकू वाहिले होते, झेंडूची माळ घातली होती, नारळ वाढवला होता. ज्या वस्तूने काम करायचे तिला वर्षातून एकदा हात जोडायचे, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेले होते. तेव्हा या वर्षी रुक्मिणीबाईंची विळी आणि मीराचे शिवणयंत्र यांच्या पंगतीत पाटावर काच, नळी आणि पंखही बसले. काचेला हळदकुंकवाची पाच बोटे लागली. दशरथरावांनी तिला मनोभावे नमस्कार केला.

दसऱ्याच्या सकाळी ते आणि दादू कुंडलिक पाटलांच्या वाडीतल्या विहिरीवर गेले. बस थांब्यावरून चाळीकडे येणारी वाट या विहिरीला लागूनच जाते. खाली उतरायला दगडी पायऱ्या होत्या, आणि पावसाळा नुकताच सरल्याने खालच्या बऱ्याच पायऱ्या पाण्यात होत्या.

"भावोजी, थुंका."

"कोठे?"

"काचेत. तुम्हीच तर वाचून दाखवलंत."

"काल जिला नमस्कार केला तिच्यात आज थुंकू?"

"मग मी थुंकतो. मी नमस्कार नाही केला."

"म्हणजे ती उष्टी होईल."

"वाट लागली," दादू म्हणाला. "बरं, मी चहा घेऊन येतो. तोवर तुम्ही पायरीवरच थांबा हां, आत जाऊ नका."

दशरथरावांनी काच पंच्याने पुसली, चष्मा दादूच्या खिशात ठेवला आणि दादू गेला. मग ते पाठमोरे, पायरी पायरीने, अत्यंत नियमबद्ध रीतीने पाण्यात उतरले. पाणी छातीला लागताच डबा वर उसळला. डबा वर म्हणजे पाठ वर, आणि पाठ वर म्हणजे दशरथरावांचे मुख खाली. काचेवर क्षणात वाफ धरली; कोपऱ्यात राहिलेली हळद तिच्यात विरघळली आणि चारी दिशा पिवळ्या झाल्या. नळीतून श्वासाऐवजी विहीर आत आली. ते धडपडले, पायाला पायरी लागली, आणि त्यांनी खोकत खोकत डोके वर काढून काच कपाळावर सरकवली. चष्मा नसल्याने तरीही काही दिसेना. वर, वाटेच्या बाजूला एक उभी आकृती तेवढी हलत होती.

"दादू!" त्यांनी हात उंच केला. "दादू, हात दे!"

ती आकृती दादूची नव्हती. ती बळवंतची होती. भांडुपची मंडळी संध्याकाळऐवजी सकाळीच आली होती, आणि बळवंत क्रीम रंगाचा नवा सफारी घालून आईच्या दोन पावले पुढे चालत होता. त्याने विहिरीत पाहिले. काच कपाळावर. हात वर. पुढचा विचार त्याने केला नाही. तो विचार त्याला नोकरीत शिकवलेलाच नव्हता. त्याने सफारीसकट उडी मारली.

इकडे दशरथरावांना एवढेच समजले, की सणासुदीच्या दिवशी कोणी मद्यपी अंगावर कोसळला आहे, त्याने आपली मान काखेत धरली आहे आणि तो आपणांस पाण्यात ओढीत आहे. अशा प्रसंगी काय बोलावे हे कोणत्याही ग्रंथात दिलेले नाही. ग्रंथभाषा त्यांना तिथेच सोडून गेली.

"सोड माका! सोड, मेल्या! खंयसून इलंस रे? माका बुडवतंस? तुझो मुडदो बशिवलो! टकला फोडीन, तुझ्या..." (यापुढील शब्द इथे देता येत नाही. तो ऐकून पाटलांच्या वाडीतल्या कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या.) आणि हे म्हणताना त्यांनी पायातला रबरी पंख काढून त्या मद्यपीच्या डोक्यावर यथाशक्ती हाणला.

"काका, शांत व्हा, मी धरलंय तुम्हाला," तो मद्यपी म्हणत होता.

झटापट थांबली तेव्हा दोघेही पाण्याखालच्या पायरीवर उभे होते. पाणी कमरेएवढे होते.

आरडाओरडा ऐकून चाळीतून रुक्मिणीबाई आणि मीरा धावत आल्या. मागून दादू चहाची किटली घेऊन आला. त्याने खाली उतरून भावोजींच्या डोळ्यांवर चष्मा चढवला.

"दादू, हा कोण?" दशरथरावांनी विचारले.

"भावोजी, हा जावई." दादूने सफारीकडे पाहिले. "होता."

मीराने वडिलांच्या कपाळावरची काच पाहिली, पोटरीचा अडकित्ता पाहिला, बळवंतच्या केसांतले शेवाळ पाहिले, आणि पदराचे टोक तोंडात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. दशरथरावांना चष्म्यातून ते स्वच्छ दिसले, आणि पाण्यात नव्हती तेवढी भीती त्यांना तेव्हा वाटली. आपण मुलीचे ठरत आलेले लग्न एका काचेपायी विहिरीत घातले, हे त्यांना समजले.

बळवंत तिच्याकडे पाहून म्हणाला, "काही नाही झालं. पाणी मस्त आहे." मग तो हळूच दशरथरावांकडे वळला. "काका, काचेत थुंकला नव्हतात ना?"

"पूजा केली होती," दशरथराव क्षीण आवाजात म्हणाले.

"आम्हीपण करतो बोटीवर. मग दुसऱ्या दिवशी तिची माफी मागतो आणि थुंकतो."

एवढा वेळ सरूबाई विहिरीच्या काठावर तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. त्या रडत आहेत असे वाटून रुक्मिणीबाई पुढे झाल्या. पण पदर बाजूला झाला तेव्हा सरूबाईंना हसण्यापायी बोलवत नव्हते.

"व्याहीनू," त्या शेवटी म्हणाल्या, "ही भाषा इतके दिस खंय दडवून ठेवल्यात?"

मग त्यांनी पदराने डोळे पुसले.

"खरा सांगतंय, मी आज नाय म्हणूक इल्लंय. नाय सांगूचा तर गोडधोड खाऊच्या आधी सांगूचा, म्हणून सकाळीच इलंय. पोरगी लाखात एक, पण घर म्हणजे रेडियोवरच्यो बातम्यो! ह्या घरात माझ्या तोंडातसून शब्द फुटाचो नाय, असा वाटला. आता कसली भीती? शिव्या घालणारो माणूस म्हणजे घरचोच."

रुक्मिणीबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. दशरथरावांनी ओला पंचा खांद्यावर नीट केला, एका पायातल्या पंखानिशी शक्य तितके ताठ उभे राहिले आणि हात जोडले.

"आपल्या आगमनाने आमचे..."

"बाबा!" मीरा ओरडली.

दशरथराव थांबले. मग खाली पाण्याकडे पाहत ते म्हणाले, "येवा. चाय घेवा."

चहा विहिरीच्या काठावरच झाला. संध्याकाळी आपट्याची पाने वाटताना तारीख ठरली, आणि माघात लग्न झाले. रबरी पंख दादूने परत नेले. काच मात्र रुक्मिणीबाईंनी विळीशेजारी खुंटीला लावली. कांदा चिरायला बसल्या की त्या ती डोळ्यांवर चढवतात. थुंकत मात्र नाहीत. एकदा दशरथरावांनी मोठ्या अधिकाराने सुचवून पाहिले, की तिच्यावर वाफ धरेल.

"धरू दे," त्या म्हणाल्या. "समोर तुम्हीच असता. नाही दिसलं तरी चालतं."

त्या दसऱ्यानंतर बदलले ते इतकेच: दशरथराव घरात मालवणी बोलू लागले, आणि कांदा चिरताना रुक्मिणीबाईंच्या डोळ्यांना पाणी येणे बंद झाले.