कंपनीचा माणूस

कोणतीही वस्तू विकत घेताना पटलेमामा दुकानदाराला एकच प्रश्न विचारत, "बिगडलं त कोन येईल?" छत्री घेताना विचारत, कुलूप घेताना विचारत. गोंदियाच्या बाजारात एकदा पपईवालीला विचारलं, तर ती म्हणाली, "बकरी येईल." भाचीसाठी स्थळ पाहायला गेले, तिथे मुलाच्या बापालाही त्यांनी हेच विचारलं. स्थळ मोडलं. मामांना त्याचं काही वाटलं नाही. "जिम्मेदारी घ्याले तयार नाही तो मानूस. बरं झालं."

मामांची धानाची शेती दवनीवाड्याला. मामी वारल्या, मुलगा जबलपूरला नोकरीला लागला, तेव्हा शेती पुतण्याकडे सोपवून मामा गोंदियाला राहायला आले. त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी भाडेकरू होतो, शाळेत मास्तर.

आम्ही दोघांनी एकाच वर्षी रेडिओ घेतले. माझा, बाजारातल्या रामरतनने इकडचे-तिकडचे भाग जोडून बनवलेला. मामांचा विलायती कंपनीचा, नागपूरच्या शोरूममधला, माझ्या तिप्पट किमतीचा.

"एवढे पैसे कशाला घातले, मामा?"

"पैसे डब्ब्याचे नाही दिले, मास्तर. कार्ड टाकलं का कंपनीचा मानूस घरी येते. कोट घालून येते. तुह्या रामरतनले कोट आहे का?"

रामरतनला कोट नव्हता. माझा रेडिओ बंद पडला की तो येऊन उजव्या बाजूला एक थापड मारायचा आणि बातम्या सुरू व्हायच्या. मामांचा बंद पडला की नागपूरला कार्ड जायचं आणि माणूस यायला आठ-दहा दिवस लागायचे. तोवर मामा माझ्याकडे येऊन बातम्या ऐकत, आणि ऐकता ऐकता माझ्या रेडिओला नावं ठेवत.

कंपनीचा माणूस म्हणजे मिश्राजी. पन्नाशीचे, किडकिडीत, खरोखरच कोट घालणारे. स्टेशनवरून चालत येत, चामड्याची बॅग उघडत आणि रेडिओला आधी नमस्कार करत. काम झालं की मामा त्यांना जेवल्याशिवाय सोडत नसत. एक हिंदीत बोले, दुसरा झाडीबोलीत, पण दोघांचं छान जमे.

एका श्रावणात मिश्राजी आले ते भिजूनच. रेडिओचं मागचं झाकण काढलं, दोन व्हॉल्व्ह टेबलावर ठेवले आणि त्यांचे हात थरथरायला लागले. दातावर दात आपटत होते. मामांनी कपाळाला हात लावून पाहिला आणि त्यांना सरळ आपल्या खाटेवर, मच्छरदाणीत निजवलं. डॉक्टर म्हणाले, हिवताप आहे, जोराचा आहे.

मामांनी मला कंपनीला तार करायला लावली. तुमचा माणूस आमच्याकडे आजारी आहे, कोणाला तरी पाठवा. मामांना खात्री होती की दुसऱ्याच दिवशी कोणीतरी येणार. त्यांनी पाहुण्यासाठी ओसरीवर खाट टाकून ठेवली.

तारेचं उत्तर आलं. इंग्रजीत होतं, मी वाचून सांगितलं. रेडिओ दुरुस्त झाला असल्यास कळवा. हत्यारांची बॅग रेल्वे पार्सलने परत पाठवा.

"आन मानसाचं?"

"माणसाचं काही नाही, मामा."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. मामा उठले, ओसरीवरची खाट आत नेली आणि मिश्राजींच्या शेजारी टाकून तिच्यावर स्वतः झोपू लागले.

त्यांनी मिश्राजींना तांदळाची पेज भरवली, डोक्यावर पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, कडू औषधासाठी लहान पोरासारखं रागावले. "थुकून काऊन राहिले? गिळा!" रेडिओ उघडाच पडून होता. मिश्राजींना उठून बसता येऊ लागलं तेव्हा त्यांनी आधी तोच जोडला. मग मामा त्यांना घेऊन नागपूरला गेले, घरी म्हाताऱ्या आईच्या हवाली केलं आणि परतताना शोरूमला गेले. चार शब्द सुनावायचेच, असं ठरवून गेले होते.

"काय म्हणाले मग?" मी विचारलं.

"पंख्याखाली बसवलं. थंडा सरबत दिला. एक पोरगी हासून म्हने, आपकी शिकायत क्या है? मी म्हटलं, रेडिओ त चांगला चालते. तिच्या कागदावर दुसरं काही लिहाले जागाच नव्हती. सरबत पिलो, आलो."

त्या थंडीत मामांचा रेडिओ पुन्हा मुका झाला. या खेपेला त्यांनी कार्ड टाकलं नाही. रामरतनला बोलावू का, म्हटलं, तर म्हणाले, "नोको. मिश्राजीच्या हातचा सेट हाय. त्याले कळलं त वाईट वाटन." आणि रोज संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसू लागले. माझ्या रेडिओला नावं ठेवणंही त्यांनी बंद केलं.

पुढे शाळेच्या कामासाठी मी नागपूरला निघालो, तेव्हा त्यांनी मिश्राजींसाठी चिन्नोर तांदळाची पिशवी दिली. टांगा सुटता सुटता मागून धावत आले.

"मास्तर, रेडिओ बंद आहे म्हनून सांगू नोको. तो मानूस तसाच निघून येईल."

मिश्राजी अजून अशक्त दिसत होते. तांदूळ हातात घेऊन त्यांनी वास घेतला, आईला दिला, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मामाजी का सेट कैसा चल रहा है?"

"एकदम बढ़िया," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा खुलला. कोटाची बटणं सारखी करत ते अभिमानाने म्हणाले, "कंपनी का माल है, मास्टरजी."