उलट्या आट्याची शिडी

"कोनालेच पटनार नाई, पन डीएनएची शिडी लोखंडात वळवनारा अख्ख्या भिलाईत पयला मानूस म्हंजे मी!" चिंधू फिटरनं पेढा उंच धरून जाहीर केलं.

सेक्टर ६ मधल्या त्याच्या क्वार्टरच्या ओसरीत पाच-सहा माणसं जमली होती. मुलगी रुक्मा बीएस्सी झाली होती. बायको मैनाबाई पेढे वाटत होती. राजहऱ्याच्या खाणीवर बदलून गेलेला जुना जोडीदार केवलराम चार वर्षांनी भेटायला आला होता. एवढे कान समोर असताना गप्प बसायला चिंधू काय दगड होता?

गोष्ट चार वर्षांमागची. रुक्मा तेव्हा अकरावीत, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्षाला. मैनाबाईनं तुमसरचा मुलगा बघून ठेवलेला आणि शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरलेलं. मैनाबाईनं सरळ फर्मान काढलं, "पयला नंबर आनला त कालेज. नाई त तुमसर!"

रुक्मानं डीएनए निवडला. त्याची रचना शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना नुकतंच मोठं बक्षीस मिळालं होतं.

"बाबा, आपल्या शरीराचा सगळा नकाशा त्यात असते. एका बाईनं क्ष-किरणांनी त्याचा फोटो काढला, त त्यात फुलीसारखे ठिपके उमटले. मंग दोघा जनांनी पत्रे अन् सळ्या जोडून जोडून साचा बसवला. पिळलेली शिडी निंगाली!"

"म्हंजे फिटरच होते म्हन ना!" चिंधूची छाती फुगली. "अन् पायऱ्या?"

"चार जातीचे तुकडे. पन जोडी ठरलेली. याचं त्याच्याशीच जमते, दुसऱ्याशी नाई."

"गोत्र पाहूनच जमवते म्हन! माप सांग."

"एका पिळाले चौतीस अँगस्ट्रॉम, रुंदी वीस, पायऱ्या धा."

चिंधूनं लिहून घेतलं : ३४ अंगुळं, २० अंगुळं. अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग, हे त्याला कोण सांगणार? रुक्मानं पुस्तकावरून ट्रेसिंग कागदावर चित्र काढून दिलं. चिंधूनं कुम्हारी गावच्या लोहाराच्या भट्टीत सळ्या लाल केल्या आणि पिळल्या. कागदावरची इंग्रजी अक्षरं जरा उलटी वाटत होती. पण त्याला वाटलं, इंग्रजीच ती, तशीच असणार!

प्रदर्शनाच्या सकाळी पुरुषभर उंचीची रंगीत शिडी लोहाराकडून थेट बसच्या टपावर चढली.

"ये काय ए, कका?" कंडक्टर ओरडला.

"जीव हाय बाप्पा, जीव! आपटू नोको!"

शाळेत रुक्मानं शिडी पाहिली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, पीळ उलटा हाय! खरा साध्या बोल्टासारखा, उजवा असते. तुमी कागद पालथा ठेवला!"

परीक्षक यायला अर्धा तास. चिंधूच्या डोळ्यांपुढे तुमसरचा मांडव उभा राहिला. वाजंत्री वाजायला लागली!

"घाबरू नोको! शिडी उलटी उभी कर. खालचं टोक वर!"

चौघांनी दात-ओठ खात शिडी उलटी केली. पीळ डावा तो डावाच! चिंधूनं कपाळावर हात मारला. "वीस वर्सं नट-बोल्ट फिरवले म्या! बोल्ट उलटा धरला म्हून आटा बदलते का कदी?"

वीस मिनिटं उरली. चिंधू पळत सुटला तो थेट शालिकरामच्या सलूनमध्ये. भिंतीवरचा भलामोठा आरसा त्यानं काढला आणि डोक्यावर घेतला! मागून शालिकराम बोंबलत, त्याच्या मागून एका गालाला साबण लावलेला फकिरा, "अबे, माही अर्धी दाढी!" करत. अशी वरात शाळेत शिरली.

शिडी पडद्याआड गेली. समोर तिरपा आरसा. आरशात पीळ एकदम सुलटा!

परीक्षक म्हणजे पोलादाच्या प्लांटवरचे एक रशियन इंजिनियर, बरोबर दुभाष्या. साहेब आरशापुढे उभे राहिले. रुक्मानं फोटो, ठिपके, जोड्या, सारं धडाधड सांगितलं. साहेब मान डोलावत होते. चिंधू श्वास रोखून खांबाला चिकटला होता. तेवढ्यात साहेब मान वाकडी करून पडद्याआड डोकावले!

शिडी पाहिली. आरसा पाहिला. पुन्हा शिडी. वर्गात फकिराच्या गालावरचा साबण सुकलेला ऐकू यावा इतकी शांतता!

रुक्मा आरशापुढे आली. ती म्हणाली, "सर, खरी शिडी आरशात आहे. मागची माझ्या बाबांची आहे."

दुभाष्यानं ते रशियनमध्ये सांगितलं आणि साहेब पोट धरून हसले.

"अन् मंग!" चिंधूनं ओसरीत आवाज चढवला. "सायबानं मले असं छातीशी धरलं! म्हने, असा फिटर आमच्या मुलखात नाई! अन् पयला नंबर, रुक्मा चिंधू—"

"ओ चिंधूभाऊ!" केवलराम पेढा चघळत म्हणाला. "झूट कावून बोलून राहिले? पयला नंबर त माह्या पोराच्या, गुलाबच्या, लोखंड गाळाच्या धमनभट्टीले भेटला. सर्टिफिकेट अजून भिंतीवर हाय. तुमच्या शिडीले काईच नोयतं भेटलं!"

रुक्मा पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागली. चिंधूचा पेढा तोंडाजवळच थांबला.

मैनाबाईनं परात खाली ठेवली. पहिला नंबर आला, हे या दोघांच्या तोंडून ऐकून चार वर्षांपूर्वी तुमसरला 'नाही' कळवणारी तीच होती. नवऱ्याकडे एकदा, लेकीकडे एकदा पाहून तिनं विचारलं,

"अजी, हा बीएस्सीचा निकाल तरी खरा हाय, का हाबी आरशातलाच?"