एक डोळा मिटलेले बबनआप्पा

बबनआप्पा जिवंत असताना मी त्यांना भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. चांगली आठ बाय सहाची, गुलाबाच्या पाकळ्यांची बॉर्डर टाकून, भर फाट्यावर.

कासुर्डीजवळ हायवेला लागून माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, अभिनंदन, दशक्रिया. माणूस शेवटपर्यंत माझ्याच मशीनमधून बाहेर पडतो. वारले होते ते आप्पांचे थोरले भाऊ, किसनआबा. त्यांच्या मुलानं, संतोषनं, एका लग्नातला जुना फोटो मोबाईलवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'डावीकडचे आमचे आबा.' डावीकडच्या माणसानं मान वळवली होती. दिसत होता नुसता कान आणि थोडा गाल. उजवीकडचा मात्र नाकासमोर बघत होता. तोंडवळा दोघांचा एकच. आता आबांना मी ओळखत होतो. ओळखत होतो म्हणून मेसेज पुरता वाचला नाही आणि फोटो पुरता बघितला नाही. उजवीकडचा कापला आणि ढगांवर बसवला.

भावकी त्या फ्लेक्सखालून आली-गेली, पुढाऱ्यांनी खाली उभं राहून स्वतःचे फोटो काढून घेतले, कुणाला काही वाटलं नाही. दहाव्याला नदीवर कावळा पिंडाला शिवेना. आबांचं काय राहिलंय, काय राहिलंय म्हणून लोक शब्द द्यायला लागले. तेव्हा मागनं एक म्हातारा म्हणाला, "शिवंल कसा? फ्लेक्सवरचा मानूस तर त्या लिंबाखाली उभा हाय."

लिंबाखाली आप्पा उभे होते. लांब, कारण दोघा भावांचं बोलणं कैक वर्षं बंद होतं. बांधावरच्या एका बाभळीवरून. बाभूळ मागेच वाळून पडली होती, भांडण तेवढं उभं राहिलं.

दुसऱ्या दिवशी आप्पा दुकानात आले. मी शटर निम्मं ओढून बसलो होतो. त्यांनी वाकून आत बघितलं आणि शांतपणे सांगितलं की आपल्या मरणाची गावानं एवढी हळहळ केली हे बरं वाटलं, पण हार भावाला आणि फोटो आपला, ही वाटणी काही बरोबर झाली नाही.

संतोषनं पुढं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून फ्रेम केला. आधारच्या फोटोत माणूस नुकताच चोरीत सापडल्यासारखा दिसतो, हे आपण जाणतोच. आबांच्या बायकोनं, म्हणजे आप्पांच्या वहिनीनं, तो भिंतीकडं तोंड करून ठेवला आणि म्हणाली, "ह्यो कोन बाबा? ह्याच्यासंगं न्हाई मी संसार केला."

हे आप्पांच्या कानावर गेलं. माझ्या भिंतीवर शाळेतल्या एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेचं सर्टिफिकेट आहे, 'सी' ग्रेडचं. त्याच्याकडं बोट करून ते म्हणाले, "मला चित्र शिकीव. वर्षश्राद्धाला आबाचं तोंड काढून वहिनीच्या उंबऱ्यावर ठिवायचं हाय. आत न्हाई घेतलं तरी चालंल."

मी म्हणालो, कशाला तसदी, कॉम्प्युटरवर नीट करून देतो. ते म्हणाले, "तुज्या कांपुटरनं एकदा मला वर धाडलंय."

शिकवायला मला येत होतं काय? इंटरमिजिएटला मी नापास. कापणं आणि चिकटवणं ही माझी कला. मग आमच्या चित्रकलेच्या सरांचं एक वाक्य आठवलं, ते गंभीर चेहरा करून टाकलं: माहीत असतं ते काढू नका, दिसतं ते काढा. आणि हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्यानं माप कसं घ्यायचं ते दाखवलं. समोर तांब्या ठेवला आणि मी गिऱ्हाईक बघायला गेलो.

तांब्या पहिल्या दिवशी बटाट्यासारखा आला, मग घुबडासारखा, आणि एकदा चक्क सरपंचांसारखा. आप्पा हटले नाहीत. तांब्यानंतर चप्पल, चपलेनंतर म्हैस. म्हैस हलली की म्हणत, "हाय तशी ऱ्हा गं बाई." गावाला तोवर कळेना की म्हातारा पेन्सिल रोखून नेम कुणावर धरतोय. यवतच्या बाजारात, म्हाताऱ्यानं आपल्याला डोळा मारला म्हणून एका बाईनं चप्पल काढली. आप्पांनी आधी चपलेचं माप घेतलं, मग माफी मागितली.

ते वाक्य त्यांनी असं धरलं की सगळ्या गावाला पुरून उरलं. ग्रामसभेत गटाराचं काम पूर्ण झालं असं वाचून दाखवलं गेलं, तेव्हा आप्पा उठले, हात लांब केला, एक डोळा मिटला, आणि म्हणाले, "म्हाईत हाय ते सांगू नगा. दिसतंय ते सांगा." सभा तहकूब झाली. गटाराचं काम अजूनही पूर्णच आहे.

मग कान सुरू झाले. लग्नातल्या त्या फोटोत आबांचा कानच काय तो नीट दिसत होता, म्हणून तिथून सुरुवात. आप्पा न्हाव्याच्या दुकानात बसून लोकांचे कान काढायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, दाढी करायला आलो की कान टोचायला? मीही हसून घेतलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांची नक्कल करून दाखवायचो, चहा उकळायचो त्यावर.

कान जमला. अगदी आबांचा, पाळी किंचित दुमडलेला. पण कानाच्या पुढं आप्पा अडले. दिवसचे दिवस कागदावर एक कान आणि त्याच्यापुढं पांढरं.

"आबा समूर न्हाई," ते एकदा म्हणाले. "समूर व्हता तवा मी मान फिरवून जायाचो. आन् दिसत न्हाई ते काढायचं न्हाई, तूच म्हनलास."

मी म्हणालो, मग राहू द्या आप्पा, पुन्हा तांब्या-बिंब्या काढा. ते कागद गुंडाळून निघून गेले. मला वाटलं, नाद सुटला.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी ते दाढीचा आरसा घेऊन आले. दुकानातल्या खिळ्याला लटकवला आणि समोर बसले. आरशात बघायचे, कागदाकडं बघायचे. आरशात बघून काढतोय म्हणजे माणूस स्वतःलाच काढतोय, हे कुणीही ओळखेल. मीही ओळखलं.

संध्याकाळी ते हातपाय धुवायला मागं गेले. मी कागद बघितला. खरं सांगतो, चित्र सुरेख होतं. पण साफ चुकलेलं. हनुवटी रुंद, गाल बसलेले, डाव्या भुवईत मधेच खाच, जणू तिथं पेन्सिल उचलली गेली होती. कानाची पाळीही आप्पांची नव्हे. म्हाताऱ्यानं वर्षभर घासलंय, म्हटलं शेवटचा हात गुरूचा लागू दे. खोडरबर घेतलं. हनुवटी आत घेतली, गाल भरले, कान सरळ केला, भुवई जोडून टाकली. हुबेहूब बबनआप्पा झाले. इतकी वर्षं कापाकापी करून माझ्या हातून पहिल्यांदाच काहीतरी हुबेहूब झालं होतं.

आप्पा आले. मी कागद दोन्ही हातांनी धरून दाखवला. त्यांनी बघितला. सवयीनं एक डोळा मिटला, मग उघडला.

"भवईतली खोक कुठं गेली?"

"चुकून राहिली होती ना ती? भरून टाकली."

ते बाकड्यावर बसले. टॉवेलनं तोंड पुसायला लागले, ते बराच वेळ पुसत राहिले.

"माज्या गोफनीचा दगड लागला व्हता त्याला," ते म्हणाले. "ल्हानपनी. आईला त्यानं सांगितलं, बैलाचं शिंग लागलं. माजं नाव घेतलं न्हाई."

बाहेर ट्रक जात होते. मी खोडरबरचा भुगा फुंकायचं बघत होतो, जणू तो फुंकला की खालचं परत वर येईल. मग म्हणालो, आप्पा, अजून रात्र आहे, परत काढा. ते म्हणाले, आज दिसला होता, रोज दिसत नाही.

आरसा खिळ्यावरून काढून त्यांनी पिशवीत घातला. कागद माझ्याच हातात ठेवला. पायरी उतरता उतरता वळले, हात लांब करून अंगठ्यानं माझं माप घेतलं, आणि म्हणाले, "उद्यापास्नं तू तांब्या काढ."