हरीभाऊंच्या घाटाला आवाज

हरीभाऊ कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी मेन स्विच कुठे आहे ते विचारतात. बारशाला गेले तरी आणि सुपारी फोडायला गेले तरी. आमच्या गल्लीतले एक आजोबा वारले तेव्हा हरीभाऊ भेटायला गेले, आजोबांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात त्यालाही हेच विचारलं. त्याने डोळे पुसत जिन्याखाली बोट दाखवलं. मग हरीभाऊ निवांत बसले आणि मनापासून रडले.

"झालंच तर?" हा त्यांचा लाडका प्रश्न. कशेळ्याला जाताना ते शेअर जीपमध्ये मागच्या दाराशी बसतात, कारण काही झालंच तर उतरायला बरं. आणि ते दार वाटेत उघडलंच तर, म्हणून दोन्ही हातांनी दांडा धरून ठेवतात. घरात इन्व्हर्टर नाही, कारण बॅटरी फुटलीच तर.

मी कर्जतला त्यांच्या घरी तळमजल्यावर भाड्याने राहते आणि शाळेत भूगोल शिकवते. हरीभाऊंच्या लेखी शाळेतल्या बाई म्हणजे सगळ्याच विषयांच्या बाई, त्यामुळे विजेचे सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. ते मूळचे पोशीरचे, भातशेती करणाऱ्या घरातले. नोकरी खोपोलीच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये झाली. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पत्ते कुटायचे आणि हे गच्चीवर जाऊन घाट चढणाऱ्या आगगाड्या बघत डबा खायचे. तिथेच हे वेड लागलं.

निवृत्तीनंतर त्यांनी वरच्या मोठ्या खोलीत प्लायवूडच्या टेबलांवर खेळण्यातल्या आगगाड्यांसाठी अख्खा घाट उभा केला. एका टोकाला कर्जत, दुसऱ्या टोकाला खंडाळा, मधे बोगदे, पूल आणि वळणं. डोंगर केले त्यांच्या बायकोने, सुमनवहिनींनी. जुन्या साड्यांच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये भिजवून त्यांनी एकेक कडा बसवला आणि वाळलेल्या घोसाळ्याची जाळी हिरवी रंगवून झाडं लावली. रुळांवर धूळ बसते म्हणून खोलीच्या खिडक्या कायम बंद आणि त्यांवर जाड पडदे.

गाडी चालवायची पद्धत साधी होती. एक गोल बटण फिरवलं की रुळांत वीज जायची आणि रुळांवर असेल ते इंजिन धावायचं. बटण शून्यावर आणलं की सगळं मेलं. सगळं मेलं की हरीभाऊंना बरं वाटायचं.

म्हणूनच त्यांनी एके दिवशी सगळा घाट डिजिटल करायचा, तोही आवाजासकट, असं जाहीर केलं तेव्हा मला त्यांच्या तब्येतीची काळजी वाटली. डिजिटलमध्ये रुळांत वीज सतत खेळती असते. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप बसते आणि तिला स्वतःचा नंबर असतो. हातातल्या रिमोटवरून ज्या नंबरला हुकूम द्याल तेवढंच इंजिन हलतं. चिपला बारका स्पीकर जोडला की ते गुरगुरतं, हॉर्न देतं. थोडक्यात, हरीभाऊंना ज्या ज्या गोष्टींची भीती वाटते त्या सगळ्या एका खोक्यात.

कारण विचारलं तर ते म्हणाले, बँकर. घाट चढायला कर्जतला गाडीच्या मागे जी जादा इंजिनं लागतात त्यांना बँकर म्हणतात. जुन्या पद्धतीत टेबलावरची पुढची-मागची इंजिनं एकमेकांचं ऐकत नसत आणि मधले डबे वळणावर चेपून दरीत पडत. दरी म्हणजे टेबलाखाली अंथरलेली गोधडी. मला हे कारण पटलं. आवाज कशासाठी, हे मी विचारलं नाही.

चिपांचं पार्सल आलं आणि बरेच दिवस माळ्यावर पडून राहिलं. मी विषय काढला की ते म्हणत, आज हवा बरी नाही. अखेर एका रविवारी त्यांनी रबरी हातमोजे घालून ते उघडलं. हातमोज्यांत स्क्रू धरवेनात, म्हणून काढले, पुन्हा घातले. मला शेजारी उभं केलं होतं. माझं काम लक्ष ठेवणे. कशावर, ते सांगितलं नव्हतं.

अवघड काम पुढे होतं. इंजिनाचं कवच काढून मोटरच्या तारा रुळांपासून पूर्ण सोडवायच्या आणि मधे चिप बसवायची. एखादी तार कुठे चिकटून राहिली तर चिप जागच्या जागी जळते. त्याआधी नाण्याची परीक्षा. रुळांवर आडवं नाणं ठेवायचं, म्हणजे मुद्दाम शॉर्ट करायचा, आणि कंट्रोलचा डबा खट्ट करून वीज तोडतो की नाही ते बघायचं. हे घाटातल्या प्रत्येक तुकड्यावर करायचं. हरीभाऊ लाकडी चिमट्याने नाणं ठेवत आणि डोळे मिटत. सुरुवातीला मला हसू येत होतं. पुलापर्यंत पोचलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही डोळे मिटतेय.

पहिलं इंजिन तयार झालं त्या दुपारी त्यांनी ते रुळांवर ठेवलं आणि दोनदा नमस्कार केला. बटण दाबताच त्यातून खऱ्या इंजिनाची खोल घरघर आली. माझ्या अंगावर काटा आला. इंजिन हलत, गुरगुरत पहिला बोगदा पार करून गेलं आणि दुसऱ्या बोगद्यात शिरलं. तिथे आवाज एकदम तुटला. जळका वास आला. बोगद्याच्या तोंडातून धुराची बारीक रेघ निघाली.

हरीभाऊ धावत बाहेर गेले. दुसऱ्या क्षणी सगळ्या घराची वीज गेली.

त्या बंद खोलीत भर दुपारी मिट्ट काळोख झाला. मला माझा हातही दिसेना. धूर वाढतोय की कमी होतोय ते कळेना. पाऊल टाकावं तर कुठल्या तारेवर पडेल याची भीती. मी तशीच उभी राहिले आणि जिन्यावर पावलं वाजली. हरीभाऊंची नव्हेत. सावकाश, एकसारखी. सुमनवहिनींची म्हणावीत, तर त्या कितीतरी महिन्यांत वर आल्या नव्हत्या, गुडघे दुखतात म्हणायच्या. त्या पावलांनी दार ओलांडलं, वाटेतलं स्टूल चुकवलं आणि ती सरळ येऊन माझ्या शेजारी थांबली. कुठे धडपड नाही, चाचपणं नाही.

"आवाज का थांबला गं?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, जपून. लाइट गेलीय."

त्या म्हणाल्या, "गेली व्हय? मला नाय कळलं."

मला धुराची जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी त्या वाक्याची वाटली.

हरीभाऊ टॉर्च घेऊन आले. झोत वहिनींच्या तोंडावर पडला आणि त्यांची पापणीसुद्धा लवली नाही. हरीभाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि टॉर्च खाली केला.

धूर विरला होता. वहिनींना स्टुलावर बसवून ते मला जिन्यात घेऊन आले आणि सगळं सांगितलं. वहिनींची नजर कडेकडेने जात गेली. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली परत येणार नाही. आता उजेडही कळत नाही. पोशीरची माणसं हळहळत येतील म्हणून वहिनींनी कुणाला सांगू दिलं नाही. घर हाताने पाठ केलं, चुलीपासून दोरीवरच्या कपड्यांपर्यंत. मी खाली राहून त्यांच्या हातची भाकरी खात होते आणि मला पत्ता नव्हता.

"ती वर यायची बंद झाली, बाई," हरीभाऊ म्हणाले. "म्हनली, बघाया काय उरलं नाय, मी येऊन काय करू. मी वर असलो का ती खाली एकटी. जिन्यात पाय सटकला, गॅस राहिला, काय झालंच तर? आन मी खाली बसून राहिलो का रागावते. म्हनून म्हटलं, निदान ऐकाया तरी येईल."

मग कठडा धरून म्हणाले, आता पुरे, आज आग लागली असती, सगळं काढून टाकतो. हे ते हळूच बोलले होते, पण खोलीतून वहिनींचा आवाज आला.

"दुसरं इंजिन हाय ना? ते लावा."

जळक्या इंजिनात एका तारेचं प्लास्टिक खरचटून ती सांगाड्याला टेकली होती. हरीभाऊंनी दुसऱ्या इंजिनाच्या तारा इतक्या वेळा तपासल्या की मीच कंटाळले. मागच्या बँकरमध्येही चिप बसली. पुढच्या रविवारी वहिनी डोंगराजवळ स्टुलावर बसल्या. आपण केलेल्या कड्यावर त्यांनी एकदा हात फिरवला आणि तो परत मांडीवर ठेवला. हरीभाऊ समोरच्या बाजूला रिमोट घेऊन उभे, अंगठा वीज तोडायच्या लाल बटणावर.

घरघर सुरू झाली. गाडी निघाली तसा वहिनींचा चेहरा तिच्यामागून वळू लागला.

"पयला बोगदा," त्या म्हणाल्या. आवाज दबला, पुन्हा मोकळा झाला. मग रूळ पोकळ वाजले. "पूल."

गाडी दुसऱ्या बोगद्यात शिरली. मी श्वास रोखला. आवाज दबला आणि दबलेलाच राहिला, मला वाटलं हेही गेलं. मग हॉर्न वाजला आणि इंजिन बाहेर आलं. त्यामागून डबे, आणि शेवटी बँकरची जाड गुरगुर.

"मागं दुसरं हाय," वहिनी हसल्या. "ढकलतंय."

गाडी खंडाळ्याला लागली. वहिनींनी मान वळवून खोलीभर कान दिला.

"गाडीचं समदं कळतंय," त्या म्हणाल्या. "तुमी कुठं हाव?"

हरीभाऊ भीतीने मघापासून एक अक्षर बोलले नव्हते. त्यांनी लाल बटणावरचा अंगठा काढला.

"हितं हाय गं," ते म्हणाले. "पुलापाशी."

आता संध्याकाळी माझ्या छतावरून घरघर ऐकू येते, मग हॉर्न. त्याच्यामागून, दर वळणाला, हरीभाऊ आपला ठावठिकाणा सांगत असतात.