गावडे सरांचा मागचा दिवा

आमच्या सोसायटीत सकाळी दूध आणायला निघालेल्या माणसाला सरळ दुधापर्यंत जाता येत नाही. मध्ये गावडे सर असतात. जुन्या मोटरसायकलवर ताठ बसलेले, इंजिन फटफटतंय, आणि मान न वळवता त्यांचा हुकूम सुटतो, "मागे उभी राहा. सावधान. दिवा बघ." मग ते पायाने ब्रेक दाबतात. आपण मागच्या लाल दिव्याकडे बघायचं. लागला असेल तर "लागला", नसेल तर "नाही". तिसरं उत्तर चालत नाही. मी एकदा "लागल्यासारखा वाटतोय" म्हटलं, तर सरांनी गाडी बंद केली, खाली उतरले आणि माणसाने नेमकं कसं बोलावं ते मला सांगत बसले. घरी चहाचं आधण आटून गेलं.

सर मुलुंडच्या एका शाळेत जन्मभर पीटी शिकवून निवृत्त झाले. निवृत्त झाली ती नोकरी. गळ्यातली शिट्टी तशीच आहे आणि जिना उतरतानाही त्यांची पावलं डावा-उजवा अशीच पडतात. एरवी ते मुंबईची चारचौघांसारखी मराठी बोलतात, पण घाईत असले किंवा चिडले की आतला मालवण बाहेर येतो. मग दिवा हा "दिवो" होतो आणि प्रश्न येतो, "लागलो काय गो?"

या तपासणीतून कुणाची सुटका नाही. कुरियरवाला, इस्त्रीवाला, पाण्याचं मीटर बघायला आलेला माणूस, सगळे त्या दिव्यामागे सावधान उभे राहून गेलेत. एकदा मतं मागायला आलेला एक उमेदवार हात जोडून समोर आला, तर सरांनी त्यालाही मागे पाठवलं. त्याने हसत हसत "लागला, लागला" म्हटलं. दिवा लागलाच नव्हता. सरांचं मत कुणाला गेलं ते माहीत नाही, पण त्याला गेलं नाही हे त्यांनी सगळ्या बिल्डिंगला सांगितलं.

मी तळमजल्यावर राहते. याचा सरांच्या लेखी अर्थ एवढाच, की मंजू, म्हणजे मी, हाकेच्या अंतरावर सापडते. इतरांच्या वाट्याला हे काम कधीमधी यायचं, माझ्या वाट्याला रोज. मी कुरकुरले की सर म्हणत, "पुढचं मी बघतो, मागचं तू सांग. वाटणी बरोबर आहे की नाही?" मी जांभई देत उभी राहायची.

आता तो दिवा असा लहरी का, तेही सांगते. ब्रेकच्या पॅडलला एक बारीक स्प्रिंग असते आणि तिच्या वरच्या टोकाला एक छोटा स्विच. पॅडल खाली गेलं की स्प्रिंग स्विचला ओढते आणि दिवा लागतो. सरांच्या गाडीतली मूळ स्प्रिंग ढिली पडली, आणि गाडी इतकी जुनी की तिचे भाग मिळायची मारामार. तेव्हा सरांनी बॉलपेनची स्प्रिंग काढून लावली. ती चार दिवसांत ताणून सुतळी झाली. मग दुसरं पेन, मग तिसरं. स्वतःची पेनं संपल्यावर सर पेन मागायला लोकांकडे जाऊ लागले. "जरा सही करायची होती" म्हणून नेलेलं पेन परत यायचं, पण त्याची टिकटिक गेलेली असायची. मी बँकेत नोकरी करते. सर एकदा तिथे पासबुक भरायला येऊन गेले. संध्याकाळी बघते तर काउंटरवर दोरीला बांधलेलं पेन जागच्या जागी होतं, दोरीही होती. आत स्प्रिंग नव्हती.

शेवटी नाक्यावरच्या मेकॅनिकने दुसऱ्या कुठल्याशा गाडीचा नवा स्विच बसवून दिला. तोही मनाला येईल तेव्हाच लागायचा. मग दर रविवारी सर खाली बसून तो घट्ट करायचे. मेकॅनिक वैतागून म्हणाला, "सर, डायरेक्ट करून टाकतो ना. कायम चालू राहील, टेन्शनच नाय." सर त्याच्यावर असे भडकले की त्याने हातातला पाना खाली ठेवला. "कायम चालू असलेला दिवा काय सांगणार? ब्रेक दाबला की लागला पाहिजे, सोडला की विझला पाहिजे."

मागून कोणी येऊन धडकेल अशी भीती वाटते का, असं मी एकदा सरळ विचारलं. सर म्हणाले, "मागच्यांका डोळे आसत." मग ही सगळी यातायात कशासाठी ते मला कळेना. म्हातारपणी माणसाला एखादं खूळ लागतं, त्यातलंच हे एक, असं मी धरून चालले होते.

वर तिसऱ्या मजल्यावर कुसुमकाकू असतात. सरांची बायको. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि काकूंच्या गुडघ्यांना जिना नाही, त्यामुळे त्या क्वचितच खाली येतात. ऐकायलाही जवळजवळ येत नाही. मुलाने कानाचं यंत्र पाठवलंय, ते कपाटात आहे, कारण घातलं की सगळ्या बिल्डिंगचे कुकर ऐकू येतात असं त्या म्हणतात. काकू मूळच्या घाटकोपरच्या. सर मालवणीत रागावले की कान चांगले असतानाही त्यांना अर्धंच कळायचं आणि त्यामुळेच संसार नीट झाला, असं त्या हसून सांगतात.

एका रविवारी कांजूरमार्गच्या मैदानावर खो-खोची फायनल होती. तिथल्या पोरींना सर रोज सकाळी शिकवतात, हौस म्हणून. पोरी पहिल्यांदाच फायनलला पोहोचल्या होत्या आणि सरांनी आठवडाभर दुसरा विषय काढला नव्हता. मी गाऊनवर ओढणी टाकून दुधाला निघाले, तर सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गाडीवर.

"सावधान. दिवा बघ."

"नाही."

"परत बघ."

"नाही, सर."

त्यांनी पॅडल दाबून पाहिलं, लाथ घालून पाहिलं, वाकून स्विच आणखी घट्ट केला. दिवा ढिम्म. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून पोरींचा कालवा मलासुद्धा ऐकू येत होता, सर कुठे आहात, सर कधी येताय. "हा काय, निघालो," सर म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

मी घरातून स्कूटरची किल्ली आणून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती परत केली. "नको. तिचा दिवा वेगळा."

"मग रिक्षा करा."

"रिक्षाचो दिवो माझो नाय."

माझं डोकंच फिरलं. "सर, पोरी तिकडे वाट बघतायत आणि तुम्ही एका बल्बसाठी अडून बसलाय? मॅच चुकली तर त्यांनी काय समजायचं?"

सर उलटून ओरडतील असं वाटलं होतं. पण ते तिसऱ्या मजल्याकडे एकदा बघून हळूच म्हणाले, "तूच बघ गो, काय जाला ता. माका नीट दिसत नाय."

असा विनंतीचा सूर मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. दुधाची रिकामी पिशवी कुंपणाला अडकवून मी गुडघ्यावर बसले. आमच्या मिक्सरची वायर तुटली की मीच जोडते, तेवढंच माझं शिक्षण. पण बघताक्षणी कळलं. स्विच घट्ट करायला बाहेरचा नट फिरवायचा असतो. सरांनी दर रविवारी नट सोडून सबंध स्विचच फिरवला होता. त्याच्या दोन वायरी पीळ बसून बसून आतल्या आत तुटल्या होत्या.

"सर, तुम्ही इतके दिवस भलतंच फिरवत होतात."

"उजवीकडेच फिरवत होतो," सर म्हणाले. "नियमाप्रमाणे."

मी स्वयंपाकघरातली कात्री आणली, वायरी सोलल्या, पीळ देऊन जोडल्या आणि टेप गुंडाळली. सरांनी पॅडल दाबलं. लागला. परत दाबलं, परत लागला. दर वेळी मला ते मोठ्याने म्हणावं लागलं. लहान मुलासारखे खूश होऊन त्यांनी हेल्मेट चढवलं आणि म्हणाले, "धावत वर जा आणि कुसुमला सांग दिवा झाला म्हणून. घाबरली असेल. तू पोहोचलीस की मी निघतो."

धापा टाकत वर गेले. दार उघडंच होतं. काकू खिडकीची जाळी दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. मी खालच्या गाडीकडे बोट दाखवून हातवारे करत "दिवा झाला" म्हटलं.

"झाला ना?" काकू मोठ्याने म्हणाल्या. कान गेल्यापासून त्या सगळं मोठ्यानेच बोलतात. "मला वाटलं, आता जातच नाहीत. अगं, मला ऐकू येईनासं झालं ना, तेव्हा ह्यांचं दारातलं 'येतो' पण ऐकू येईना. मी ओट्याशी असायची. वळून बघते तर दार लागलेलं. माणूस न सांगता निघून गेल्यासारखं वाटायचं. रडायला यायचं गं. मग ह्यांनीच ही युक्ती काढली. गेटबाहेरच्या वळणावर दोनदा ब्रेक दाबतात. म्हणजे 'येतो' म्हणाले असं समजायचं. एकदा लागलाच नाही दिवा. मला काय ठाऊक स्विच बिघडलाय ते? परत येईपर्यंत खिडकीतून हलले नाही मी."

मी त्यांच्या शेजारी जाऊन खिडकीशी उभी राहिले. खाली सरांनी वर बघितलं, गाडी गिअरमध्ये टाकली आणि गेटमधून बाहेर पडले. गल्लीत त्यांच्या मागे एकही गाडी नव्हती. वळणावरच्या झाडाखाली, सावलीत, त्यांनी वेग कमी केला. लाल दिवा लागला, विझला, परत लागला.

काकूंनी जाळीवरचे हात काढले आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "या."