अर्धा तास पुढचं घड्याळ

कपड्यांचे चिमटे दाबणं हा काकांच्या मते व्यायाम नव्हता, अपमान होता. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाने चाकाच्या खुर्चीत बसून रोज तासभर चिमटे उघडायचे आणि मिटायचे! अर्धांगवायू झाल्यापासून त्यांचा उजवा हात मांडीवर पाहुण्यासारखा पडून असायचा. पण सांभाळायला येणारी ताई ऐकेल तर शपथ. काकांनी तिचं नाव फौजदार ठेवलं होतं. तिला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

फौजदार वेळ बघायची ती टेबलावरच्या गजराच्या घड्याळात, आणि त्यात अकरा वाजले की घरी जायची. तिथेच काकांच्या डोक्यात किडा वळवळला. ती चहा करायला आत गेली की घड्याळ उचलायचं, मागची चावी फिरवून काटे पुढे सारायचे आणि अकराच्या आधीच सुटका करून घ्यायची. पहिल्या दिवशी जेमतेम पाच मिनिटं सरकली आणि काकांना घाम फुटला. पण महिन्याभरात गडी अर्ध्या तासावर पोचला. ती गेली की काटे पुन्हा जागेवर. तिला हल्ली चहाला फार वेळ लागायचा, आणि ते काकांच्या पथ्यावरच पडत होतं.

एका सकाळी काकांचा मुलगा ऑफिसला न जाता समोर येऊन बसला. इमारतीच्या पहारेकऱ्याने त्याला सांगितलं होतं की बाई रोज साडेदहाला खाली उतरतात आणि अकरापर्यंत जिन्यात नुसत्या बसून राहतात. ताईला पाठवणारी एजन्सी उद्यापासून दुसरी बाई पाठवणार होती. ताई दारात उभी राहून सगळं ऐकत होती.

आजारपणापासून घरातले सगळे काकांशी हळू आवाजात बोलत. त्यांच्याशी कडाकडा भांडणारी ही एकटीच होती, आणि त्या भांडणासाठीच ते सकाळची वाट बघत.

"त्यांची चूक नाही," काका म्हणाले. "घड्याळ मी पुढे करतो."

"बाबा, त्यांना वाचवायला काहीतरी सांगू नका. तुम्हाला चमचा धरवत नाही."

काकांना ते झोंबलं. त्यांनी घड्याळ उचललं, चाळीस वर्षांच्या सवयीने डाव्या हातात घट्ट धरलं आणि चावी फिरवली. काटे सरसर अर्धा तास पुढे गेले.

"हे असं."

मुलगा घड्याळाकडे बघतच नव्हता. "बाबा, कुठल्या हाताने?"

काकांनी खाली पाहिलं. चावी त्यांच्या उजव्या हाताच्या चिमटीत होती.

ते ताईकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. माझ्या मोबाइलमध्येही वेळ दिसते, काका. चिमट्यांना तुम्ही नुसता हात लावायचात, चावी मात्र मन लावून फिरवायचात. म्हणून मी चहा उकळत ठेवायचे."

"आणि जिन्यात का बसायचात?"

"ड्यूटी अकरापर्यंतची. तुम्ही हाक मारली असती तर?"

मुलगा एजन्सीला फोन करायला बाहेर गेला. काकांचे डोळे भरून आले. तुमचे उपकार कसे फेडू, असं काहीतरी ते म्हणू लागले, पण ताईने ते पुरतं ऐकलंच नाही. तिने मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"याची चावी बारीक आहे. आजपासून हे पुढे करायचं."

काकांनी ते उचललं, उजव्याच हाताने.

"जा, चहा टाका," ते म्हणाले, "आणि घाई करू नका."