हसण्याची झडती

जमादार कोणाचंही हसू झडती घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत.

माझंही सोडलं नव्हतं. तिसगावात आमची घरं समोरासमोर. एकदा बाजारातून येताना त्यांची पिशवी माझ्याकडे राहिली. 'पिशवी माझ्याकडे आहे, संध्याकाळी आणतो' असा मेसेज मी केला आणि सवयीने पुढे दोन टिंबं, आडवी रेघ आणि कंस टाकला :-)

संध्याकाळी गेलो तर जमादार ओट्यावर फोन आडवा धरून बसलेले. त्या खुणेतलं तोंड बघायला बाकीचे लोक मान कलती करतात. जमादार फोन कलता करतात. मान कोणापुढे वाकवायची नाही, ही शिस्त.

"सर, गाडी बाजूला घ्या."

म्हणजे खुर्चीत बसा.

"पिशवी ऱ्हायली, हे कळलं. त्यात हसन्यासारखं काय हाय?"

"काही नाही हो, सहज."

"सहज कोन हसत न्हाई." त्यांनी पिशवीतल्या मेथीच्या जुड्या बाहेर काढल्या, झटकल्या, वास घेतला आणि नाइलाजाने आत नेल्या.

दोष त्यांचा नाही. जमादारांचा जन्म साखर कारखान्याच्या गेटवर गेला. पाळी सुटली की बाहेर पडणारा प्रत्येक डबा, प्रत्येक पटका त्यांनी चाचपला. भाकरीच्या खाली साखर, पटक्याच्या घडीत साखर. त्यातून त्यांनी एक सिद्धांत काढला, आणि मी वाचलेल्या बऱ्याच जाड पुस्तकांपेक्षा तो टिकाऊ निघाला. "रिकाम्या डब्याचा मानूस शिव्या देत जातो. भरल्या डब्याचा 'राम राम' म्हनतो आनि हसतो."

निवृत्तीनंतर गेट सुटलं, झडती सुटली नाही. फोन बटणांचा. लोक पाठवतात ती रंगीत तोंडं त्यात उमटत नाहीत, नुसता चौकोन दिसतो. त्याला जमादार 'बंद डबा' म्हणतात आणि पाठवणाऱ्याला रस्त्यात अडवून तो उघडायला लावतात. आमच्या भागातले एक पुढारी सणासुदीला हजारो लोकांना 'तुमचाच लाडका' म्हणून शुभेच्छा धाडतात. यंदा त्यांनीही शेवटी टिंबं आणि कंस जोडला होता. जमादारांनी फोन आडवा केला, उभा केला. "पाऊस न्हाई, इलेक्शन न्हाई. ह्यो हसतोय कशापायी?" त्या संशयाला मात्र मी मनापासून अनुमोदन दिलं.

विनाझडती आत येणारं हसू एकच, त्यांच्या मुलीचं. मंगल अकोले तालुक्यात, डोंगरातल्या गावी दिलेली. घरात रेंज नाही, म्हणून ती रोज संध्याकाळी टेकाडावर चढते आणि वडिलांना, तिच्या अण्णांना, चार शब्द पाठवते. बंद डबा अण्णांना उघडत नाही हे ठाऊक असल्याने शेवटी टिंबं, रेघ, कंस. जमादारीणबाई गेल्यापासून त्या घरात दिवसभरात बोलणारं तेवढंच. जमादारांचं उत्तर ठरलेलं असे. 'पोच.'

दिवाळीच्या तोंडावर एका संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. फोन पुढे केला. 'भात काढणीला आलंय. दिवाळीला यायला जमणार नाही. सगळं ठीक आहे :)'

मला वाटलं, लेक येत नाही म्हणून म्हातारा हिरमुसला. "कामाचे दिवस आहेत," मी म्हणालो. "नंतर येईल."

"ते न्हाई. नाक बघा."

"कसलं नाक?"

"टिंबं डोळे, कंस तोंड. मधली रेघ कुठाय? मंगल नाकाबिगर कदी पाठवीत न्हाई. सर, ह्यो माल तिचा न्हाई."

मी फोन लावून पाहिला. संपर्क क्षेत्राबाहेर. रेघ चुकून राहिली असेल, असं मी हरतऱ्हेने सांगितलं. जमादारांनी ऐकून घेतलं आणि कपाटातून पिशवी काढली. माझ्या शाळेला सुट्टी होती, आणि त्यांना एकट्याला धाडायचा धीर होईना. सकाळच्या एसटीने नगर, तिथून संगमनेर, अकोले, पुढे जीप. वाटेत ते खिडकीबाहेर बघत होते. एकदाच म्हणाले, "जिती हाय ना हो पोरगी?" त्यानंतर मला त्यांच्या संशयावर विनोद सुचला नाही.

जावई अंगणातच भेटला.

"दत्ता, गाडी बाजूला घे. मेसेज कोनी पाठवला?"

"मंगलनंच की, मामा."

"मग नाक कुठाय?"

दत्ता गांगरून स्वतःचंच नाक चाचपू लागला. तेवढ्यात दारात मंगल आली. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. भाताच्या ओल्या बांधावरून घसरली होती.

"मीच ह्यांना म्हनलं, मेसेज तुमीच पाठवा, अण्णांना कळवू नका," ती म्हणाली. "एकटे हायेत, घाबरत्याल. तुमाला कळलं कसं?"

जमादार जवळ गेले, आणि दोन बोटांत तिचं नाक धरलं. "हाय. जाग्यावर हाय."

मंगल हसता हसता रडायला लागली. मग मला म्हणाली, "लहानपनी पाळीवरून आले की माझी झडती घ्यायचे, सर. फ्रॉकचे खिसे बघायचे, आनि काय सापडलं न्हाई की नाक जप्त करायचे. म्हनून तर रेघ टाकती मी."

जेवून मी परतलो. जमादार तिथंच राहिले, भात घरात येईपर्यंत.

ते तिसगावला आल्यानंतरची एक संध्याकाळ. मी ओट्यावर होतो. फोन वाजला. 'प्लास्टर निघालं :-)' त्यांनी फोन आडवा केला, नाक पाहिलं, आणि उत्तर लिहायला घेतलं. एका शब्दाला फार वेळ लागला. चष्मा पुसून झाला, बटणं शोधून झाली. फोन खिशात जाण्याआधी मी वाकून पाहिलं.

'पोच -'

"जमादार, पुढे ती रेघ कसली?"

"कुठली? चुकून दाबलं आसंल बटन."

"गाडी बाजूला घ्या," मी म्हणालो.

जमादार उठले, 'राम राम सर' म्हणाले, आणि हसत घरात गेले.